पटावर कच्चे लिंबू कोणीच नको

मैदानी खेळात एखाद्या धाकट्या भावंडाला घ्यावे तर लागते, पण ते बाद झाले काय किंवा न झाले काय, डावाला त्याचे काहीच नसते. अशा मुलाला आपण ‘कच्चे लिंबू’ म्हणतो. आमच्या घरी पटावरचे खेळ नेमाने मांडले जाऊ लागले तेव्हापासून मला हा शब्द सारखा आठवू लागला, आणि गंमत अशी की दर वेळी तो मुलांकडे पाहूनच आठवे असे नाही. सापशिडीच्या पटावर कच्चे लिंबू मी असे. फासा टाकायचा, पडेल तितकी घरे सोंगटी पुढे सरकवायची, साप आला की खाली यायचे. यात मी जागी आहे की डुलकी घेते आहे याने डावात तसूभरही फरक पडत नव्हता. बुद्धिबळाच्या पटावर नेमके उलटे होई. तिथे साडेपाच वर्षांची धाकटी कच्चे लिंबू ठरे, कारण तिने कोणतीही चाल केली तरी डाव कधी आणि कसा संपवायचा हे मीच ठरवीत असे.

या दोन टोकांच्या मध्ये खेळांचा एक चांगला रुंद पट्टा आहे, आणि गेली चार वर्षे आम्ही तिथे रमलो आहोत. आता थोरला दहा वर्षांचा आहे, धाकटी सात वर्षांची, आणि त्यांच्यासोबत कधी मी, कधी त्यांचे बाबा, तर कधी माझी आई पटावर बसते. या काळात काही खेळ दोन डावांनंतर कपाटात गेले ते गेलेच, आणि काहींच्या खोक्यांचे कोपरे झिजले. कोणता खेळ टिकतो आणि कोणता नाही, याचा विचार करताना मी हळूहळू एकाच कसोटीपाशी येऊन थांबले: पटाभोवती बसलेल्यांपैकी कोणीही, लहान असो वा मोठा, कच्चे लिंबू असता कामा नये. मुलाच्या खेळीने डावाची दिशा खरोखर बदलली पाहिजे आणि मोठ्या माणसाला खरोखर विचार करावा लागला पाहिजे.

मोठी माणसे यावर एक सोपी पळवाट काढतात, ती म्हणजे हातचे राखून खेळणे. मीही ती काढून पाहिली आहे. एकदा मी पटावर एक जागा धाकटीसाठी मुद्दाम मोकळी सोडली आणि ती जिंकली. तिने क्षणभर पटाकडे पाहिले आणि विचारले, “आई, तू ते मुद्दाम तिथं ठेवलंस ना?” मी हो-नाही करेपर्यंत तिने सोंगट्या आवरायला घेतल्या होत्या आणि तो डाव तिने आपल्या जिंकलेल्या डावांत कधीच धरला नाही. मुलांना आपला अभिनय साधारणपणे आपल्या समजुतीपेक्षा वर्षभर आधी कळू लागतो, असे माझे मत आहे. शिवाय हातचे राखून खेळणारा माणूस खेळत नसतो, तो मूल सांभाळत असतो; आणि मूल सांभाळायला पट लागत नाही. म्हणून मी असा खेळ शोधते, ज्यात मला पूर्ण ताकदीने खेळता येईल आणि तरीही निकालाची खात्री देता येणार नाही.

अशा खेळात थोडे नशीब लागतेच, मात्र ते कुठे बसवले आहे याला फार महत्त्व आहे. काही खेळांत आपण आधी ठरवतो आणि मग फासा आपल्या ठरवण्याचा निकाल लावतो. चांगला विचार करून केलेली चाल एका फाशाने धुळीला मिळते. दुसऱ्या प्रकारच्या खेळांत नशीब आधी येते: पत्ते उघडतात, टाइल मांडल्या जातात, आणि समोर जे आले त्याचे काय करायचे हे नंतर आपण ठरवतो. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल, पण मुलांच्या चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसतो. पहिल्या प्रकारात हरलेले मूल ‘मला फासा वाईट पडला’ म्हणून रडते आणि त्याचे म्हणणे खरे असल्यामुळे त्याला समजावताही येत नाही. दुसऱ्या प्रकारात ते ‘मी ती दुसरी टाइल घ्यायला हवी होती’ असे म्हणू शकते, आणि पुढच्या डावात ती घेतेही. लहानमोठ्यांनी मिळून खेळायचा डावपेचांचा खेळ निवडताना ‘नशीब आधी, निर्णय नंतर’ एवढे एक सूत्र पाळले तरी निम्मे काम होते.

याचे सर्वांत चोख उदाहरण म्हणून मी किंगडोमिनो पुढे करीन. ब्रुनो काताला यांचा हा खेळ 2016 साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. डोमिनोसारख्या 48 टाइल असतात आणि प्रत्येकीच्या दोन अर्ध्या भागांवर शेत, जंगल, तळे, कुरण, दलदल किंवा खाण यांपैकी काहीतरी चितारलेले असते, आणि काहींवर गुण वाढवणारे मुकुटही असतात. प्रत्येक खेळाडूने आपल्या वाड्याभोवती त्या जोडत जोडत पाच बाय पाच घरांचे राज्य उभे करायचे. डावात प्रत्येकाला बरोबर बारा टाइल मिळतात. बारा दुणे चोवीस घरे आणि एक वाड्याचे, अशी पंचविसांची बेरीज तंतोतंत जुळते. आता खरी मेख अशी की प्रत्येक टाइलच्या मागे क्रमांक असतो, साधारणपणे मोठ्या क्रमांकाची टाइल अधिक मोलाची असते, आणि उघडलेल्या टाइल क्रमांकानुसार लावल्या जातात. मोलाची टाइल घेतली तर पुढच्या फेरीत निवडीची पाळी शेवटी येते, आणि साधी घेतली तर पहिली. सहा वर्षांच्या मुलाला यातले ‘मला मुकुटवाली टाइल हवी’ एवढेच दिसते आणि तेवढ्यावर त्याचे राज्य नीट उभे राहते. मला मात्र या फेरीत साध्या टाइलवर समाधान मानून पुढच्या फेरीत पहिला नंबर घ्यावा का, समोरच्याला कोणते तळे हवे आहे, शेवटच्या दोन टाइल पाच बाय पाचच्या चौकटीत बसतील का, असा विचार करावा लागतो. खेळ एकच असतो, फक्त त्यात प्रत्येकजण आपापल्या खोलीपर्यंत उतरतो. पाळीला समोर जास्तीत जास्त चार पर्याय असल्यामुळे मुलाचे निवडणे चूक ठरले तरी ते निवडणेच असते, गोंधळ नसतो.

याच खेळातली दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. गुण शेवटीच मोजले जातात. एका सलग प्रदेशात जितकी घरे, त्यांना त्या प्रदेशातल्या मुकुटांनी गुणायचे. मुकुट नसेल तर कितीही मोठे जंगल असो, गुण शून्य. याचा परिणाम असा होतो की डाव संपेपर्यंत आपण मागे पडलो आहोत हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. पटाच्या कडेने गुणांची वाट असलेल्या खेळात धाकटीचे सगळे लक्ष त्या वाटेवरच्या सोंगट्यांकडे असे, आणि आपली सोंगटी पाच घरे मागे दिसली की तिचा खेळ तिथेच संपे. उरलेला अर्धा तास ती केवळ शरीराने बसलेली असे. किंगडोमिनोत ती अखेरच्या टाइलपर्यंत आशेवर असते. हरली तरी पुढ्यात एक पुरे झालेले राज्य असते आणि ते तिने बांधलेले असते. गुणाकार येत नसताना ती सहा घरांचे तळे आणि दोन मुकुट हे ‘सहा आणि परत सहा’ असे मोजत असे. खोक्यावर लिहिलेल्या आठ वर्षे या वयाचे कारण बहुधा हा गुणाकारच असावा. ते काम मोठ्या माणसाने अंगावर घेतले तर सहाव्या वर्षी खेळायला काहीच हरकत नाही.

नियम किती आहेत यापेक्षा नियम कितीदा आठवावे लागतात, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. ब्लोकसचा सगळा खेळ एका वाक्यात सांगता येतो: आपल्या रंगाचा नवा तुकडा आपल्याच आधीच्या तुकड्याला कोपऱ्याने टेकला पाहिजे, कडेने मात्र मुळीच चिकटता कामा नये. पहिला तुकडा पटाच्या आपल्या कोपऱ्यातून सुरू करायचा आणि ज्याची सर्वांत कमी घरे मांडायची उरतील तो जिंकला. बस. हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला एकदा सांगावे लागते, तीनदा आठवण करून द्यावी लागते, आणि मग तेच मूल आजीची चूक दाखवू लागते. पण या एका वाक्यातून निघणारा खेळ अजिबात पोरकट नाही. पट वीस बाय वीस म्हणजे 400 घरांचा असतो; प्रत्येक रंगाचे एकापासून पाच घरांपर्यंतचे 21 तुकडे, ज्यांची मिळून 89 घरे भरतात. चारही रंगांची बेरीज होते 356. म्हणजे सगळ्यांचे सगळे तुकडे बसवायचे म्हटले तर पटावर जेमतेम 44 घरे मोकळी उरतील, आणि कडेने न चिकटण्याच्या अटीमुळे तेवढ्याने भागत नाही. म्हणून मोठे, अडनिडे तुकडे आधी मांडून घ्यावेत, मधल्या भागाकडे लवकर सरकावे आणि दुसऱ्याच्या प्रदेशात शिरायला एक कोपरा शिल्लक ठेवावा, हे शहाणपण हळूहळू येते.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ब्लोकस आणल्यावर पहिल्या महिन्यात घरातल्या चौघांत सर्वांत वाईट मी खेळत होते. आकार मनातल्या मनात फिरवून बघणे मला जमत नाही. थोरल्याला ते सहज जमते, आणि माझ्या आईला, जिने आयुष्यभर कापड बेतून कपडे शिवले, तिला तर ते हातातच बसलेले आहे. शब्द, आकडे किंवा साचलेली माहिती यांवर चालणाऱ्या खेळांत मोठ्यांना जो आयता फायदा असतो, तो आकारांच्या आणि जागेच्या खेळांत बराच कमी होतो. लहानमोठ्यांच्या पंगतीसाठी मी अशा खेळांकडे आधी वळते, याचे कारण हेच आहे. एक सावधगिरी मात्र सांगते: ब्लोकस चौघांनी खेळावा. दोघांनी प्रत्येकी दोन रंग घेऊन तो खेळता येतो, पण तिघे असले की चौथा रंग पाळीपाळीने हाकावा लागतो आणि मुलांना तो ‘आपला’ वाटत नाही.

पर्याय फार असलेल्या खेळांची अडचण मुलांपेक्षा मोठ्यांमुळे होते, असे माझे निरीक्षण आहे. मूल पटकन चाल करून मोकळे होते. गालाला हात लावून चार मिनिटे बसतात ती आपली मंडळी. तेवढ्या वेळात मूल टेबलाखाली गेलेले असते. म्हणून खेळ निवडताना एकूण किती वेळ लागतो यापेक्षा आपली एक पाळी संपून दुसरी येईपर्यंत किती वेळ जातो, हे मी पाहते. चौघांच्या डावात हा वेळ दोन मिनिटांहून जास्त होत असेल तर तो खेळ सध्या आमच्यासाठी नाही. पंधरा-वीस मिनिटांत संपणाऱ्या खेळाचा आणखी एक फायदा म्हणजे हरलेल्याला लगेच ‘अजून एक डाव’ मागता येतो, आणि आमच्याकडे तो मागितला नाही असे क्वचितच होते. दीड तासाच्या डावाअंती हरलेल्या मुलाला पुन्हा डाव मांडायला ना वेळ असतो ना बळ. ते हरणे घेऊनच झोपायला जाते. एकेक खेळाडू बाद होत जाणारे खेळ तर मी सरळ बाजूलाच ठेवते, कारण तिथे सर्वांत आधी बाद होणारा बहुधा सर्वांत लहान असतो आणि त्याने पुढचा तासभर करायचे काय, याचे उत्तर नियमांच्या पुस्तिकेत नसते.

थोडक्यात मोठा डावपेच देणारा आणखी एक खेळ म्हणजे ‘हे, दॅट्स माय फिश’. षटकोनी 60 टाइलचा बर्फाचा पट, त्यावर पेंग्विन; सरळ रेषेत हवे तितके सरकायचे आणि ज्या टाइलवरून निघालो ती मासळीसकट उचलून घ्यायची. तीस टाइलवर एक, वीसवर दोन आणि दहावर तीन, असे एकूण शंभर मासे. पट पाळीगणिक वितळत जातो आणि शेवटी कोणाचा तरी पेंग्विन एकट्या तुकड्यावर अडकतो. हा खेळ दिसायला जितका गोंडस तितका आतून खाष्ट आहे. दुसऱ्याची वाट तोडल्याशिवाय तो जिंकता येत नाही. थोरल्याला त्यातच मजा येते, धाकटीला सहाव्या वर्षी तो सोसवला नाही आणि सातव्या वर्षी तिने आपणहून मागितला. तेव्हा खेळात टक्कर कशी आहे हे आधी पाहून घ्यावे. प्रत्येकजण आपापले बांधतो आणि टक्कर केवळ निवडीत होते, अशा खेळापासून सुरुवात करावी. दुसऱ्याने मांडलेले उद्ध्वस्त करणारे खेळ मागाहून आणावेत. (साठ टाइल दर वेळी नव्याने मांडाव्या लागतात, हा त्यातला खरा जाच आहे. हे काम आम्ही गेल्या वेळच्या विजेत्याकडे दिले आहे.)

हातातले पत्ते लपवून खेळायचे खेळ लहान मुलांना दोन कारणांनी जड जातात. एक म्हणजे पत्त्यावर मजकूर असला आणि वाचता येत नसले, तर विचारायचे कसे? विचारले की गुपित फुटले. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपल्याला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकते, ही जाण साधारण चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते. 1983 साली विमर आणि पर्नर यांनी केलेल्या प्रयोगांपासून मानसशास्त्रात यावर पुष्कळ काम झाले आहे. पण ही जाण येणे वेगळे आणि तिच्या आधारे थाप पचवणे वेगळे. धाकटी पाच वर्षांची असताना पत्ते छातीशी घट्ट धरून बसे आणि “माझ्याकडे काय आहे ते मी सांगणार नाही, पण तो निळा आहे” असे जाहीर करी. म्हणून पहिली काही वर्षे सगळे काही पटावर उघडे असलेले खेळ बरे. जिथे हात लपवायचा असतो तिथेही पुष्कळदा तो उघडा ठेवून खेळता येतो. सुझन मॅकिन्ली रॉस यांच्या क्वर्कलमध्ये सहा रंग आणि सहा आकार यांच्या 108 लाकडी टाइल असतात, एका ओळीत एकच रंग वेगवेगळ्या आकारांत किंवा एकच आकार वेगवेगळ्या रंगांत लावायचा असतो. आम्ही पहिली दोन वर्षे सगळ्यांच्या सहा-सहा टाइल टेबलावर तोंड वर करून ठेवल्या. खेळाची थोडी धार गेली, पण त्याबदल्यात धाकटी माझ्या टाइल पाहून ‘आईला इथे लावू द्यायचं नाही’ असा विचार करू लागली.

सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध लढायचे, अशा सहकाराच्या खेळांची शिफारस लहानग्यांसाठी नेहमी केली जाते. हरणे सगळ्यांचे मिळून असल्याने रडारड कमी होते, हे खरेच आहे. तरी माझे त्यांच्याबद्दलचे मत थोडे सावध आहे. मॅट लीकॉक यांचा 2010 सालचा फॉरबिडन आयलंड आमच्याकडे पुष्कळ खेळला गेला: 24 टाइलचे बुडत चाललेले बेट, चार खजिने आणि प्रत्येक पाळीला तीन कामे करण्याची मुभा. पाण्याची पातळी सुरुवातीला कमी-जास्त ठेवून खेळ सोपा-अवघड करता येतो, ही त्यातली फार सोयीची गोष्ट आहे. पण तिसऱ्या डावात माझ्या ध्यानात आले की धाकटीच्या पाळीला बाबा सांगत होते, ती सोंगटी सरकवत होती. स्पर्धेच्या खेळात मुलाला हरवले तरी त्याची चाल त्याचीच असते. इथे तर ती आपण काढूनच घेतली होती, आणि वर ‘आपण मिळून जिंकलो’ म्हणत होतो. कच्चे लिंबू करण्याची ही सर्वांत गोड रीत. त्यानंतर आम्ही नियम केला की ज्याची पाळी आहे त्याने विचारल्याशिवाय कोणी बोलायचे नाही, आणि त्याने जे ठरवले ते बेट बुडाले तरी मान्य करायचे. बेट बऱ्याचदा बुडाले. धाकटी आता एखाद्या पाळीला स्वतःहून विचारते, “बाबा, तुला काय वाटतं?” आणि पुष्कळदा ऐकून घेऊन वेगळेच करते.

खोक्यावरच्या वयाबद्दल दोन शब्द. तीन वर्षांखालील मुलांसाठी दिलेला इशारा लहान तुकडे गिळण्याच्या धोक्याचा असतो आणि तो तंतोतंत पाळायचा असतो. त्यापुढचे आठ किंवा दहा हे आकडे मात्र बहुधा ‘मोठ्यांच्या मदतीशिवाय नियम वाचून खेळता येईल’ असे वय धरून दिलेले वाटतात. शेजारी नियम जाणणारे कोणी असेल तर त्यातून एक-दोन वर्षे वजा करायला मी मागेपुढे पाहत नाही. पुरस्कारांचा मात्र निवडीला खरोखर उपयोग होतो. श्पील देस यारेस 1979 पासून दिला जातो आणि त्याचा मुख्य पुरस्कार कुटुंबाने मिळून खेळण्याजोग्या खेळांना मिळत आला आहे: कारकासोनला 2001 साली, टिकट टू राइडला 2004 साली, क्वर्कलला 2011 साली. मुलांच्या खेळांसाठी 2001 पासून वेगळा पुरस्कार आहे. पण त्या यादीतल्या खेळांत मोठी माणसे अनेकदा पाहुणी असतात. आम्हांला मुख्य यादीतल्या हलक्या खेळांचाच अधिक उपयोग झाला.

अवघड वाटणारा खेळ सोपा करण्याचा एक मार्ग म्हणजे त्यातला एखादा नियम काही काळ सोडून देणे. टाइलला टाइल जोडून नकाशा उभा करायच्या कारकासोनमध्ये शेतात सोंगटी आडवी ठेवून शेवटी शहरांप्रमाणे गुण मोजायचे असतात. हा भाग मोठ्यांनाही दोन डावांनंतर कळतो. आम्ही तो वर्षभर वगळला. रस्ते, शहरे आणि मठ एवढ्यावर खेळ व्यवस्थित चालतो, आणि नवी टाइल कुठे बसते हे सगळ्यांनी मिळून पाहण्यात बाकीच्यांची पाळीही रिकामी जात नाही. तिकिटावर दिलेली शहरे रेल्वेमार्गांनी जोडायच्या टिकट टू राइडची ‘फर्स्ट जर्नी’ ही मुलांची आवृत्तीही अशाच वजाबाकीतून झाली आहे: गुणांचे गणित नाही, अपुऱ्या तिकिटांचा दंड नाही, सहा तिकिटे आधी पूर्ण करील तो जिंकला. एवढे काढूनही वाट अडवण्याचा आणि वळसा घालण्याचा मूळ गाभा तसाच राहतो. प्रत्येक खेळाला ही काटछाट मानवत नाही. एक नियम काढला की काही खेळ पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळतात, ते एकदा मांडून पाहिल्यावरच कळते.

राहिला प्रश्न ज्या खेळात नशीब औषधालाही नाही त्यांचा. ते मुलांसोबत खेळायचेच नाहीत का? मला तसे वाटत नाही, मात्र तिथे सवलत उघडपणे, डाव सुरू होण्याआधी आणि नियम म्हणून द्यावी. गो या प्राचीन खेळात ही रीत फार जुनी आहे: कच्चा खेळाडू सुरुवातीलाच पटावर दोनपासून नऊपर्यंत खडे मांडून घेतो आणि मग दोघेही पूर्ण ताकदीने खेळतात. यात कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट खडे कमी होत जाणे ही प्रगतीची मोजपट्टी होते. हातचे राखून खेळणे आणि ही सवलत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात मी मुलाशी लबाडी करते. दुसऱ्यात आमच्यातला फरक आम्ही दोघी मिळून आकड्यात मांडतो.

आम्ही ही रीत क्वोरिडोरला लावली. नऊ बाय नऊचा पट, समोरासमोर एकेक सोंगटी, आणि पाळीला एकतर एक घर सरकायचे किंवा दोन घरे लांबीची भिंत उभी करायची. जो पलीकडच्या कडेला आधी पोहोचेल तो जिंकला. भिंती हव्या तशा लावता येतात, पण समोरच्याची वाट पूर्णपणे बंद करता येत नाही. वळसा कितीही लांबचा असो, एक वाट उरलीच पाहिजे. प्रत्येकाकडे दहा भिंती असतात. धाकटीशी दहा-दहा भिंतींनी खेळले तेव्हा चारही डाव मी जिंकले आणि पाचवा तिने मांडूच दिला नाही. मग आम्ही वीस भिंती वेगळ्या वाटून घेतल्या: तिला चौदा, मला सहा. सहा भिंतींत खेळायचे म्हटले की मला प्रत्येक भिंत लावताना घाम फुटतो. ती पहिल्या पाच-सहा भिंती उधळून टाकते आणि मग अचानक सावध होते. लागोपाठ तीन डाव जिंकणाऱ्याने एक भिंत समोरच्याला परत द्यायची, असे ठरले आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने मला दोन भिंती परत दिल्या. त्यातली दुसरी द्यायची वेळ आली तेव्हा ती थोडी कुरकुरली आणि नियम कोणी केला होता असे विचारू लागली. नियम तिनेच केला होता. सध्या वाटणी बारा-आठ अशी आहे आणि कालचा डाव मी हरले.